गुत्तेदाराची गाडी आणि मेंढ्यांची चाल

माझा मेव्हणा शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी आहे. केज तालुक्यात त्याचं गाव आहे. युसूफ वडगावचा बाजार त्याच्या रोजच्या पायाखालचा, आणि शिरूर कासारकडच्या डोंगरातल्या मेंढपाळांशी त्याचा जुना व्यवहार. त्याच्याकडे एक साधी पांढरी पिकअप आहे. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. काच खाली करून बाहेर हात घालावा लागतो. बाकी गाडी ठणठणीत आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्याने ही पिकअप देऊन दुसरी गाडी घ्यायचं मनावर घेतलं.

दुसरी गाडी म्हणजे डबल केबिनची. पुढे मोटारीसारख्या दोन रांगा, एसी, मागे छोटा हौदा, चारही चाकांना ताकद पोचवणारी यंत्रणा आणि साध्या पिकअपच्या दुपटीहून दमदार इंजिन. नवी घ्यायची तर एकीच्या किमतीत साध्या तीन पिकअप आल्या असत्या. ही वापरलेली होती. मेव्हण्याच्या शाळेतला मित्र रस्त्यांची कामं घेणारा गुत्तेदार आहे, गाडी त्याची. त्याला त्या वर्षीचं नवं मॉडेल घ्यायचं होतं. सौदा सरळ होता: मेव्हण्याने पिकअप द्यायची, वरची रक्कम हप्त्यांनी भरायची आणि डबल केबिन न्यायची. घरात दुसरं वाहन नव्हतं. सौदा चुकला तर धंद्याचं चाकच हातचं गेलं असतं, आणि ते परत मिळणार नव्हतं.

माझी बायको त्याची थोरली बहीण. तिने मला केजला पाठवलं ते एका अटीवर. "नुसतं नको म्हणून येऊ नका. तुम्ही सगळ्यालाच नको म्हणता. गाडीत बसून बघा, मग सांगा."

मी बीडला बरीच वर्षं वार्ताहर होतो. गाड्यांवर लिहिलेलं नाही. पण ज्या गोष्टीची किंमत वाढत जाते तिचं नेमकं काय वाढतं, हा प्रश्न बातमीदाराला सवयीने पडतो. मी गेलो.

गुत्तेदाराने किल्ली दिली तेव्हा मी तिथे होतो. तो मेव्हण्याला म्हणाला, "चार दिवस वापर. आवडली तर ठेव, न्हाई आवडली तर आणून लाव. फक्त लेंड्या धुवून दे बे."

"तुझ्या गाडीत आतापर्यंत काय नेत होता?" मेव्हण्याने विचारलं.

"मानसं."

"मग लेंड्या काय वाईट?"

दोघं हसले. गाडी गडद करड्या रंगाची होती आणि उभी असतानाही इतरांपेक्षा वीतभर उंच दिसत होती. मेव्हणा तिच्याभोवती एक फेरी मारून आला. तो काय बघत होता ते मला माहीत होतं, कारण वाटेत त्याने सांगितलं होतं. वर्षापूर्वी अंबाजोगाईकडे एका सोयऱ्याच्या लग्नात त्याने पिकअप मांडवाशेजारी लावली. गाडी लावायला उभ्या केलेल्या माणसाने काचेवर टकटक करून सांगितलं, "भांड्याची गाडी मागं घ्या." मेव्हण्याच्या अंगावर लग्नासाठी घेतलेला नवा सदरा होता. त्याने गाडी मागे नेली, आचाऱ्यांच्या चुलींशेजारी लावली आणि जेवून निघून आला. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. पण डबल केबिनचा विषय त्यानंतरच घरात निघाला, ही नोंद मी करून ठेवली.

पहिला दिवस युसूफ वडगावच्या बाजाराचा होता.

रस्त्यावर गाडीविषयी तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. केजकडच्या रस्त्याला खड्डे होते; ते आहेत असं फक्त डोळ्यांना कळत होतं, पाठीला नाही. पुढच्या ट्रॅक्टरला मागे टाकायला मेव्हण्याला हॉर्नही लागला नाही. तो एका हाताने चालवत होता. "दाजी, बगा, आवाज हाय का?" त्याने तीनदा विचारलं. आवाज नव्हता.

बाजारात शिरल्यावर पहिला फरक दिसला. साध्या पिकअपला जनावरांच्या रांगेत जागा मिळते. मातीच्या बांधाला मागची बाजू टेकवायची, मागचा फाळका पाडायचा, की बांधावरून शेळ्या चालत आत जातात. बाजूचे फाळकेही पडतात, त्यामुळे कुठूनही भरता येते. डबल केबिनच्या हौद्याचे बाजूचे पत्रे पक्के असतात. उघडतो तो फक्त मागचा पल्ला, आणि तो बांधापेक्षा उंच राहिला. शेळ्या चढेनात. प्रत्येक शेळी दोघांनी उचलून आत घालावी लागली. हौद्यात मागची चाकं दोन्ही बाजूंनी वर आलेली असल्याने नऊ शेळ्यांवर दहावी मावली नाही. साध्या पिकअपमध्ये तीस आरामात उभ्या राहतात. गाडीची नंबरपाटी पांढरी होती, म्हणजे खासगी वापराची; तिच्यातून धंद्याचा माल नेणं नियमात बसत नाही. मी तसं म्हणालो. मेव्हणा म्हणाला, "लई जण नेतेत." तेही खरं होतं.

जागेचा प्रश्न मी धरून चाललो होतो. भावाचा प्रश्न मला सुचला नव्हता.

आमच्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने होत नाही. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वर दस्ती, म्हणजे रुमाल, टाकतात आणि तिच्याखाली बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. मला आजही कळत नाही; मला कळतो तो फक्त चेहरा. मेव्हण्याने एका पाठीच्या, म्हणजे तरुण शेळीच्या, मालकाचा हात धरला. म्हातारा होता, डोक्याला लाल मुंडासं. दोघांची ओळख जुनी. म्हातारा त्याला नेहमी मामा म्हणतो, मी स्वतः ऐकलंय. त्या दिवशी दस्ती पडली, बोटं हलली, मेव्हण्याने मान हलवली, पुन्हा बोटं हलली. म्हाताऱ्याने हात सोडवला.

"शेठ, उतरायचं न्हाई."

"शेठ कावून म्हणालाव?"

म्हाताऱ्याने मान वळवून करड्या गाडीकडे पाहिलं. "मंग काय म्हनू? येवढ्या गाडीतून आलाव आन् माझ्या बोटाला पिळ घालताव. एसी बंद करा, तेवढ्यात भाव निगल."

आजूबाजूचे हसले. मेव्हणाही हसला आणि त्याने पुन्हा हात पुढे केला. पाठ शेवटी घेतली, पण म्हाताऱ्याने सांगितलेल्या भावात. पुढच्या तिघांकडेही तसंच झालं. कुणी उद्धट बोललं नाही. गाडीचं कौतुक सगळ्यांनी केलं. एकाने आत डोकावून विचारलं, "शेठ, ही उभ्या-उभ्या किती पिती?" पण हात हातात आला की बोटं सैल पडत नव्हती. नेहमीच्या बाजारात मेव्हणा भाव पाडतो तो त्याच्या अंगावरच्या मळलेल्या शर्टाच्या, घासलेल्या पिकअपच्या आणि मामा या शब्दाच्या जोरावर. यांतली एकही गोष्ट त्या दिवशी त्याच्या कामी आली नाही.

परतताना तो म्हणाला, "नवी गाडी हाय म्हणून. दोन बाजारात सवय होईल लोकाला."

हे शक्य होतं. मी नाही म्हटलं नाही.

त्या रात्री परतीचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी गाडीने स्वतःची किंमत दाखवली. हे नीट सांगायला हवं, कारण पहिल्या दिवसावरून निकाल देणं सोपं होतं.

शिरूर कासारच्या पलीकडे डोंगरावरच्या एका पडीक रानात मेव्हण्याच्या ओळखीच्या मेंढपाळाचा कळप बसला होता. खालच्या डांबरी रस्त्यापासून तिथवर दोन-अडीच किलोमीटरची गाडीवाट आहे. निम्मी मुरमाची, निम्मी काळ्या मातीची. पावसानंतर त्या मातीत बैलगाडीही रुतते. पायथ्याच्या चहाच्या टपरीजवळ दोन पिकअप थांबल्या होत्या. दोघे व्यापारी चहा पीत मेंढ्या खाली यायची वाट बघत बसले होते. मेव्हण्याने एक गोल बटण फिरवलं आणि गाडी चिखलात घातली.

मी बाजूच्या सीटवर होतो. पहिल्या वळणाला मागचं अंग सरकलं, मग चारही चाकांनी एकदम माती धरली. इंजिन जराही धापलं नाही. एका ठिकाणी पाण्याने वाट कापून गुडघाभर खोल चर केला होता. गाडी तिरकी झाली, माझा हात आपोआप वरच्या कडीला गेला आणि पुढच्या क्षणी आम्ही पलीकडे होतो. वर पोचल्यावर मेव्हण्याने आरशात मागची वाट पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते दिखाऊ नव्हतं. हातातलं हत्यार चांगलं निघालं की कारागिराला जसं वाटतं, तसं ते होतं. पैसे कशाचे घेतात हा प्रश्न त्या टेकडीवर कुणी विचारला असता तर मी खालच्या चिखलवाटेकडे बोट दाखवलं असतं.

मेंढपाळ वाघरीजवळ उभा होता. वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायला रानात उभं केलेलं जाळीचं कुंपण. पावसाने कळप आतच होता, एकमेकींना चिकटून, घोट्यापर्यंत चिखलात. तो चकित झाला.

"वर कसं आलाव? आमीच खाली येनार होताव ऊन पडल्यावर."

"आता खाली यायची गरज न्हाई," मेव्हणा म्हणाला. "गाडी वर येती."

खाली दोघे व्यापारी बसलेले होते. पहिली निवड आपली, हे मेव्हण्याने मला डोळ्यांनी सांगितलं. त्याने वाघरीत हात घालून मेंढ्यांच्या पाठी चाचपल्या, दात पाहिले, लोकर उचलून कातडी बघितली, अकरा मेंढ्या निवडल्या. दस्तीखाली आकडा ठरला. इथेही मेंढपाळाने एकदा गाडीकडे पाहिलं, पण फार ताणलं नाही. नऊ मेंढ्या हौद्यात गेल्या. दोन राहिल्या.

"मागच्या सीटवर बसव," मी म्हणालो. मी गंमत करत होतो. मेव्हण्याने दोन पोती अंथरली आणि मेंढ्या मागच्या सीटवर चढवल्या. एसी चालू होता. शिरूर कासार येईपर्यंत एक मेंढी माझ्या मानेमागे श्वास सोडत होती, आणि चौकात एक म्हातारी थांबून काचेतून आत बघत राहिली. "आवो, पाव्हण्या लई गोऱ्या हायत," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेव्हण्याच्या अंगणात मेंढ्या सोडल्या. दोन मेंढ्या पुढचे गुडघे टेकून चरत होत्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही; माना खाली, तोंड चालू. मेव्हणा मात्र हातातला चहा ठेवून उठला. त्याने एकीला उलटं केलं आणि अंगठ्याने खुरातला वाळलेला चिखल काढला. खुराच्या फटीत सडलेलं होतं आणि वास येत होता. दुसरीचंही तसंच. पायावर भार सहन होत नाही म्हणून मेंढी गुडघ्यावर चरते, हे त्याने मला सांगितलं. हा आजार एकीपासून दुसरीला लागतो. अकराच्या अकरा वेगळ्या बांधाव्या लागल्या, आणि त्या आठवड्याला बाजारात नेता आल्या नाहीत.

त्याने मेंढपाळाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तो चिडलेला होता, पण आवाज सांभाळून होता.

"दोघींची खुरं सडलीत. म्हाईत होतं का न्हाई?"

पलीकडून उत्तर आलं. "चार-पाच लंगडत्यात, म्हाईत होतं. तुमी इचारलं न्हाई."

"इचारायचं काय? सांगायचं न्हाई व्हय?"

"आवो मामा, दर येळंला तुमी खाली बसून बगताव. मी कळप उतरवतो, तुमी दगडावर बसून चाल बगताव. लंगडी आपल्या डोळ्यानं तुमीच येगळी काढताव. आजवर एक तरी लंगडी माझ्याकून गेलती का तुमच्या गाडीत? काल तुमीच वर आलाव. मला वाटलं, घाई हाय."

मेव्हण्याने फोन ठेवला. तो त्या दोन मेंढ्यांजवळ जाऊन बसला.

मी त्याच्यासोबत त्या डोंगराखाली याआधी दोन-तीनदा बसलो होतो. व्यापारी खाली का थांबतात याचं उत्तर मी मनाशी देऊन ठेवलं होतं: पिकअप वर चढत नाही म्हणून. ते अर्धंच होतं. अडीच किलोमीटर उतरून आलेला कळप स्वतःची तपासणी करून येतो. दमा असलेली मागे पडते, खुराचं दुखणं असलेली मुरमावर पाय चोरते, अशक्त असलेली वळणावर बसते. व्यापारी दगडावर बसून चहा पितो आणि सगळं बघतो. कुणी कुणाला काही विचारत नाही आणि कुणावर खोटं बोलायची वेळ येत नाही. त्या दोघा व्यापाऱ्यांनी त्या दिवशी तेच केलं असणार. आमच्या गाडीने वाटेतला चिखल ओलांडला, आणि चिखलाबरोबर ती तपासणीही ओलांडली. हे मेव्हण्याला पंधरा वर्षांत एकदाही कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून विसरायलाही त्याला एक सकाळ पुरली.

त्या दिवशी त्याने गाडी बाहेर काढली नाही. दुपारी खुरांना औषध लावलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने बोअरच्या पाण्याने गाडी धुतली. हौदा, पायदानं, मग मागची सीट. एसीच्या जाळीत लोकर अडकली होती. ती त्याने दाढीच्या ब्रशने एकेक तंतू करून काढली. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "राहू द्या दाजी, तुमच्या हातानं वरखडं पडतील." गाडी कोरडी करायला त्याने आपला चांगला टॉवेल वापरला. माझ्या बायकोचा फोन आला. काय ठरलं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, अजून त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आम्ही गुत्तेदाराच्या जागेवर गेलो. खडीचे ढीग, एक रोलर, पत्र्याची खोली. मेव्हण्याने किल्ली टेबलावर ठेवली.

"कावून बे?" गुत्तेदार म्हणाला. "हप्त्याचं बघू की. दोन महिने थांबतो."

"हप्त्याचं न्हाई. गाडी लई भारी हाय. मला कामाची न्हाई."

गुत्तेदाराने माझ्याकडे पाहिलं. "पत्रकार साहेब, तुमी फोडलं का याला?"

"मी एक शब्द बोललो नाही," मी म्हणालो. "पण तुम्हाला ती परवडते का, हे मला विचारायचंय."

तो मोकळा माणूस आहे. त्याने खुर्ची पुढे ओढली. "परवडती म्हंजे? ही घेऊन कुठं कामाला गेलं की आधी खुर्ची मिळती, मग चहा मिळतो, मग काम बोलतेत. पिकअप घेऊन गेलतो एकदा. गेटवरचा म्हणला, वाळू तिकडं उतरव." तो स्वतःच मोठ्याने हसला. "साधी गाडी मला म्हागात पडती, साहेब."

तो खरं सांगत होता, आणि तिथे माझ्या चार दिवसांचा हिशेब पुरा झाला. या गाडीच्या वाढीव किमतीतला मोठा भाग समोरच्याच्या डोळ्यांसाठी असतो. ज्याला स्वतःचं काम विकायचंय, त्याला ते डोळे पैसे मिळवून देतात. म्हणून गुत्तेदाराला ती स्वस्तच पडली. ज्याला दुसऱ्याचं जनावर विकत घ्यायचंय, त्याच्याकडून तेच डोळे पैसे काढून घेतात. उरतो तो ताकदीचा भाग. ती ताकद खरी आहे, मी तिच्यात बसून आलोय. पण ज्याच्या धंद्यात खाली थांबून बघणं हेच काम आहे, त्याने वर चढायला तिप्पट पैसे देऊ नयेत. बीड जिल्ह्यात अशा गाड्या वाढतायत. कुणी विचारलं तर मी आधी एवढंच विचारतो: तुम्ही विकता की घेता?

मेव्हण्याला मी यातलं काही सांगितलं नाही. त्याला माझ्याआधी कळलं होतं.

बाहेर येताना गुत्तेदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सोयऱ्याच्या लग्नाला लागली तर ने. भाडं न्हाई."

मेव्हण्याने मागे वळून गाडीकडे पाहिलं. "पाटी पांढरी हाय, मानसं बसवता येतेत," तो म्हणाला. "बघतो."

एस.टी. स्टँडवर आम्ही अर्धा तास उभे होतो. त्याने मोबाइल काढून हवामान बघितलं, मग मेंढपाळाला फोन केला. मागच्या दिवशीच्या दोन मेंढ्यांचा विषय त्याने काढला नाही, पलीकडच्यानेही काढला नाही. वाट वाळायला किती दिवस लागतील, असं त्याने विचारलं. तीन, असं उत्तर आलं.

"मंग चौथ्या दिवशी उतरवा," मेव्हणा म्हणाला. "म्या खाली येतो. आन् चहावाल्याला सांगून ठेवा, वेळ लागन."